करार रखडला की घरात वाद : गाडी महागते ती कामगाराच्या पगारामुळे का?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

माझा धाकटा भाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परमनंट आहे, अकरा वर्षं झाली. त्यांचा तीन वर्षांचा करार संपून १६ महिने झाले, नवा अजून नाही. युनियनचं मागणीपत्र २१ हजारांच्या पगारवाढीचं आहे. मॅनेजमेंट ८ हजारांवर अडून बसलंय, तेही प्रॉडक्शन १२ टक्के वाढवून दिलं तर. दोन गेट मीटिंगा झाल्या, काळ्या फिती लावून झाल्या, आता प्रकरण कामगार आयुक्तांकडे आहे.

रविवारी मामा जेवायला आले होते. ते आयुष्यभर स्टाफमध्ये होते. आमटी वाढता वाढता विषय निघाला आणि मामा म्हणाले, "पगार वाढवून मागता, मग गाडी महागते, मग कंपनी उठून गुजरातेत सानंदला नाहीतर तामिळनाडूत होसूरला जाते, आणि तुम्ही बसता गेटवर." बाबा स्वतः युनियनच्या कमिटीवर होते. ते एक शब्द न बोलता ताटावरून उठले. भाऊ तसाच बसून राहिला, भात चिवडत. गेल्या वर्षीच त्याने घराचं कर्ज काढलंय, नवीन करार होईल या हिशोबाने.

कोणाची बाजू घ्यायची ते मला कळलं नाही, म्हणून इथे विचारते. एका गाडीच्या किमतीत कामगाराचा पगार नक्की किती असतो? आणि कंपन्या खरंच पगारामुळे जातात का?

ताळेबंद

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिस्टेड कंपन्यांच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं. नफा-तोटा पत्रकात 'कर्मचारी लाभ खर्च' नावाची एक ओळ असते, तिला एकूण विक्रीने भागायचं. मारुती किंवा बजाज ऑटोचे अलीकडचे आकडे घेतलेत तर हा खर्च विक्रीच्या साधारण ३ ते ५ टक्क्यांत बसतो. कच्चा माल आणि विकत घेतलेले भाग मिळून ७० टक्क्यांच्या पुढे जातात.

म्हणजे कंपनीने १० लाखांना विकलेल्या गाडीत पगाराचे ४० हजार धरा. या ४० हजारांत लाइनवरच्या मुलापासून मॅनेजिंग डायरेक्टरपर्यंत सगळे आले. या सगळ्यांना १० टक्के वाढ दिली तरी गाडीमागे ४ हजार पडतात. स्टीलचा भाव हलला की यापेक्षा जास्त फरक पडतो, पण त्यासाठी कोणी स्टीलला दोष देत नाही.

तुमच्या बाबांना म्हणावं, जेवून घ्या. हिशोब त्यांच्या बाजूचा आहे.

भोसरी_प्रेसशॉप

ताळेबंद साहेब, हिशोब बरोबर आहे, पण अर्धा आहे. ते ७० टक्के 'मटेरियल' म्हणता ना, त्यात मी आहे.

माझं भोसरीला प्रेस शॉप आहे, आठ प्रेस, ४२ माणसं. मी जो ब्रॅकेट बनवून देतो तो वरच्या कंपनीच्या वहीत मटेरियल म्हणून लागतो. माझ्या वहीत त्यात पत्रा आहे, वीज आहे, डायचा खर्च आहे आणि माणसं आहेत. पत्रा बाजूला काढला तर उरलेल्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा पगाराचाच असतो. मला पत्रा देणाऱ्याच्या पत्र्यातही कोणाचा तरी पगार आहेच. तेव्हा गाडीत मजुरी ४ टक्के नाही, ती बाहेर सरकवलेली आहे, आमच्याकडे आणि आमच्याही खालच्यांकडे.

आणि मोठ्या कंपनीत करार झाला की दोन महिन्यांत परचेसवाल्यांचा फोन येतो. "यंदा ३ टक्के कॉस्ट डाऊन द्या." म्हणजे मी माझा दर तेवढा कमी करायचा. पत्र्याचा भाव वाढला तर इंडेक्सप्रमाणे वाढवून देतात, मजुरीची वाढ कोणी धरत नाही. तिथे ज्याला १२ हजार वाढले त्याच्याबद्दल मला असूया नाही. पण ते १२ हजार कुठून आले हे मी माझ्या वहीत बघतो.

लोणावळालोकल

वरचे दोन्ही प्रतिसाद कापून ठेवण्यासारखे आहेत. वाचतोय.

दुसरीपाळी

मी लाइनवर आहे, १४ वर्षं. कोणत्या कंपनीत ते लिहीत नाही.

धाग्यात सगळे रुपयांवर बोलताहेत. ताईंनी लिहिलेल्या "प्रॉडक्शन १२ टक्के वाढवून दिलं तर" या वाक्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. खरा करार त्या वाक्यात असतो.

माझ्या स्टेशनचा टॅक्ट ५८ सेकंदांचा होता. ५८ सेकंदांत जॉब येतो, मी चार बोल्ट लावतो, टॉर्क देतो, मार्कर मारतो, क्लिप बसवतो, जॉब जातो. मागच्या करारात पगार वाढला आणि टॅक्ट ५२ वर आला. सहा सेकंद ऐकायला काहीच नाही. पण त्याच सहा सेकंदांत मी खांदा खाली सोडायचो. आता हातातली गन खाली ठेवायच्या आत पुढचा जॉब समोर असतो. लघवीला जायचं तर रिलीव्हर यावा लागतो, आणि रिलीव्हर सहा स्टेशनांना मिळून एक. आमच्या लाइनवर पस्तिशीतल्या निम्म्या पोरांचे खांदे दुखतात. रात्री झोपताना कोणत्या कुशीवर झोपायचं ते ठरलेलं असतं.

१२ टक्के जादा काढायला आणखी सहा सेकंद काढतील. भावाला विचारा, त्याच्या स्टेशनला किती सेकंद उरलीत.

इंद्रायणीकाठ

@दुसरीपाळी, विचारलं. तो म्हणाला, "यांना कसं कळलं?" तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मागे दोन दिवस स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा होता.

जुनापुणेकर

कराराचा विषय निघाला की मला शनिवारवाडा दिसतो.

१९८९ चा सप्टेंबर. आम्ही शनिवार पेठेत राहायचो, मी अकरावीत होतो. टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषणाला बसले होते, राजन नायर त्यांचे नेते. कंपनीने नायर यांना आधीच कामावरून काढलं होतं आणि पगारवाढीचा करार दुसऱ्या युनियनशी केला होता. एवढे सगळे पुरुष एका ठिकाणी इतके शांत पडून राहिलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. बायका-मुलं भेटायला यायची आणि कडेला बसून राहायची. आई आणि शेजारच्या काकू कळशीने पाणी नेऊन द्यायच्या. दहा दिवसांच्या आसपास ते चाललं. मग एका रात्री पोलिसांनी सगळ्यांना उचललं. सकाळी आम्ही गेलो तर मैदानात चपला पडल्या होत्या. कितीतरी चपला.

संप तिथेच मोडला. पुण्यातल्या युनियनांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. बाहेरच्या मोठ्या नेत्यापेक्षा कंपनीतली अंतर्गत युनियन बरी असं बरेच जण म्हणू लागले. ते चांगलं झालं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

मिशिगनमराठी

मी डेट्रॉइटजवळ गेली १८ वर्षं आहे, एका सप्लायर कंपनीत इंजिनियर. त्यामुळे भोसरीवाल्यांचं दुखणं आणि दुसरीपाळींचं दुखणं, दोन्ही रोज बघतो.

२०२३ मध्ये इथे युनायटेड ऑटो वर्कर्सने जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलँटिस, तिघांविरुद्ध एकाच वेळी संप केला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. १५ सप्टेंबरला सुरुवात झाली, पण सगळे कारखाने बंद केले नाहीत. आधी तीनच निवडले, १३ हजारांच्या आसपास माणसं. मग दर आठवड्याला अध्यक्ष शॉन फेन जाहीर करायचे की आता पुढचा कोणता. त्यामुळे संप-निधीही पुरला. संपावरच्या माणसाला आठवड्याला ५०० डॉलर मिळायचे.

मागणी ४० टक्क्यांची होती, हातात पडली २५, साडेचार वर्षांत मिळून. पण माझ्या ओळखीतल्या कामगारांना टक्क्यांपेक्षा दोन गोष्टींचा जास्त आनंद झाला. एक, 'कोला' परत आला. कोला म्हणजे आपला महागाई भत्ता. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या तेव्हा कामगारांनी तो सोडला होता, कंपन्या वाचाव्यात म्हणून. कंपन्या वाचल्या, पुढे भरपूर नफ्यात आल्या, भत्ता काही परत आला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे 'टियर'. २००७ पासून नव्या माणसाला त्याच कामाचे निम्म्याच्या आसपास पैसे मिळू लागले होते. एकाच लाइनवर शेजारी-शेजारी उभे राहून. पूर्ण पगारावर जायला आठ वर्षं लागायची, ती आता तीनवर आली.

आता ताईंचा प्रश्न. फोर्डने स्वतःच नंतर सांगितलं की या करारामुळे २०२८ पर्यंत गाडीमागे साधारण ९०० डॉलर वाढतील. इथे नवीन गाडीची सरासरी किंमत ४५ हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे २ टक्के. आणि संप मिटल्यावर काही आठवड्यांतच टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांनी त्यांच्या इथल्या कारखान्यांत, जिथे युनियनच नाही तिथे, आपणहून पगार वाढवले.

निवृत्तपर्सनल

तिथलं उदाहरण इथे जसंच्या तसं लावू नका. मी ३१ वर्षं पर्सनल खात्यात काढली आहेत आणि टेबलाच्या त्या बाजूला बसणारा प्रत्येक जण खलनायक असतो असं वाटत असेल तर हा प्रतिसाद सोडून द्या.

२०१३ चा बजाजचा चाकणचा संप आठवा. पगाराशिवाय एक मागणी होती, प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर प्रत्येकी १ रुपया दराने. २५ जूनला काम थांबलं, ५० दिवस चाललं. कंपनीने काही उत्पादन वाळूजला हलवलं. शेवटी शेअरची मागणी मान्य न होताच कामगार आत गेले. ५० दिवसांचा पगार गेला तो गेलाच. मागणी चूक होती असं मी म्हणत नाही. नफ्यात वाटा मागणं हा चांगला विचार आहे. पण ज्या कंपनीचे दोन-तीन ठिकाणी कारखाने आहेत तिच्याशी एका गेटवरून किती ताणायचं, याचा अंदाज नेत्याला हवा.

आणि मानेसर. मारुतीच्या त्या पोरांच्या तक्रारी खऱ्या होत्या, सात मिनिटांचा चहाब्रेक, सुट्टी घेतली की इन्सेंटिव्हमधून मोठी कपात. २०११ मध्ये ते शांतपणे लढले आणि सगळ्या देशाने दखल घेतली. पण १८ जुलै २०१२ ला कारखान्यात आग लागली आणि एचआरचे अवनीश कुमार देव त्यात गेले. ५४६ परमनंट कामगार काढले गेले. २०१७ मध्ये १३ जणांना जन्मठेप झाली. देव कामगारांशी चांगले वागणारे होते असं तेव्हा बरेच जण सांगत होते. मी त्याच पेशातला. त्या रात्री आमच्या घरी कोणी झोपलं नाही.

इंद्रायणीकाठ, तुमचे मामा कठोर बोलले, पण भीती खरी आहे.

ताळेबंद

@निवृत्तपर्सनल काका, आदर आहे. पण "कंपनी जाते" याची आपल्याकडची मोठी उदाहरणं तपासू.

आकुर्डी : बजाजने २००७ मध्ये तिथलं गाड्यांचं उत्पादन बंद केलं. त्याच वर्षी पंतनगर सुरू झालं. उत्तराखंडात तेव्हा अबकारी करात दहा वर्षांची सूट होती. ओढ कराची होती.

तळेगाव : जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं कारण गाड्या खपत नव्हत्या. नंतर फक्त निर्यात, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद. पगार १० टक्के कमी केला असता तर लोकांनी त्यांची शेवरलेट घेतली असती का? आणि पगार परवडत नसता तर तोच कारखाना ह्युंदाईने कशाला घेतला असता?

फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवायचं ठरवलं, त्यात सानंदही होतं. मामा ज्या सानंदचं नाव घेतात तेच.

निवृत्तपर्सनल

तळेगावचा मुद्दा मान्य. आकुर्डीत जुना पगार आणि नवा पगार हा फरकही होता, तो तुम्ही सोडलात. जुन्या जागेची माणसं अनुभवी असतात म्हणून महाग असतात. नव्या जागी सगळे पंचविशीतले. हे गणित प्रत्येक बोर्डरूममध्ये होतं.

वाडेश्वर_९

थोडं अवांतर : काळ्या फिती म्हटल्यावर आठवलं, आमच्याकडे कँटीनवर बहिष्कार असायचा. सगळे घरून डबे आणायचे. चार दिवसांत प्रत्येक टेबलावर ठेचा, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, सुकट. बहिष्कार मिटला तेव्हा निम्म्या लोकांना वाईट वाटलं. :-)

हार्नेसवाली

मी पण लिहू का? मी वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या, लाइनवर आहे. परमनंट नाही, ट्रेनी. रांजणगाव, चाकण, परत रांजणगाव, अशा कंपन्या बदलतच असते.

ट्रेनी म्हणजे अकरा महिने. अकराव्या महिन्यात कार्ड जमा करून घेतात, निरोपाचा चहासुद्धा नसतो. मग दुसऱ्या गेटवर परत पहिल्या दिवसापासून, परत तीच इंडक्शन, परत तोच सुरक्षेचा व्हिडिओ. सहा वर्षं एकच काम केलंय. बोर्डवर १४० वायरी असतात, मला रंग बघावा लागत नाही, हाताला कळतं. नव्या परमनंट मुलींना मीच शिकवते.

वर अमेरिकेतल्या दादांनी लिहिलं की शेजारी उभं राहून निम्मा पगार. इथे निम्माही नसतो. मला ओव्हरटाइम धरून १७ हजार पडतात. शेजारच्या ताई खूप चांगल्या आहेत, डब्यातलं देतात, पण त्यांच्या पगाराबद्दल आम्ही कधी बोलत नाही.

करार झाला की पेढे सगळ्यांना वाटतात, आम्हालाही देतात. पगारवाढीचा आकडा बोर्डावर लागतो. आमचं त्यात काही नसतं. मागणीपत्रात आमचं नाव कधी असतं का, एवढंच विचारायचं होतं.

दुसरीपाळी

@हार्नेसवाली ताई, नसतं. आमच्यातही नव्हतं. लिहायला लाज वाटते पण खरं आहे. आमच्या मागच्या करारात परमनंट ४१०, आणि लाइनवर काँट्रॅक्ट-ट्रेनी मिळून ९०० च्या वर. संप केला तर लाइन त्यांच्यावर चालवतील, ही भीती आम्हाला मॅनेजमेंटच घालते. पण त्यांना बरोबर घ्यायचा विषय जनरल बॉडीत कोणी काढत नाही. मीही काढला नाही.

वकिली_सदरा

कायद्याचं थोडं सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा आला, युनियनला मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. त्यात मान्यतेसाठी युनियनकडे किमान ३० टक्के कामगारांची सभासदसंख्या हवी अशी अट घातली होती. पण काँट्रॅक्टवाला कागदोपत्री ठेकेदाराचा माणूस असतो, आणि ट्रेनी बहुतेक वेळा 'कामगार'च धरला जात नाही. म्हणून ते मोजणीतच येत नाहीत.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) असं होतं की ठेक्यावरचा माणूस कंपनीच्या माणसासारखंच काम करत असेल तर पगारही तसाच हवा. कागदावर होतं. ते सिद्ध करायला जो पुढे यायचा त्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी चालायचं नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निकालानंतर, कंत्राटी पद्धत बंद केली तरी माणूस आपोआप कंपनीचा होत नाही.

तरी एक सांगतो. मागणीपत्रात ठेक्यावरच्या कामगारांचा मुद्दा घालायला युनियनला बंदी नाही. काही युनियनांनी घातलाय. मिळालं थोडं, पण मिळालं.

भोसरी_प्रेसशॉप

हार्नेसवाली ताईंचा प्रतिसाद वाचून दुपारी मजुरीचं रजिस्टर काढून बसलो. माझ्याकडे ४२ त ११ जण ठेकेदाराचे आहेत. त्यातले तिघं सात वर्षांपासून. प्रेसवर हात कुठे ठेवायचा नाही हे त्या तिघांनी बाकीच्यांना शिकवलंय, म्हणून आजवर माझ्या शॉपमध्ये कोणाचं बोट गेलेलं नाही. या दिवाळीपासून त्या तिघांना माझ्या पटावर घेतोय. अकराही घेतले असते, पण ३ टक्के कॉस्ट डाऊन दिल्यावर तेवढं निघत नाही. जेवढं निघतं तेवढं लिहिलं.

मिशिगनमराठी

@भोसरी_प्रेसशॉप, मनापासून सलाम. इथे सप्लायर कंपन्यांतही टेम्परवरी माणसांचा प्रश्न तसाच आहे, २०२३ चा करार आमच्या गेटपर्यंत आलेला नाही.

इंद्रायणीकाठ

मंडळी, पाच आठवड्यांनी येतेय, माफ करा.

परवा रात्री पावणेअकराला करार झाला. १३ हजार ५००, तीन वर्षांसाठी. पहिल्या वर्षी ६० टक्के, मग २०, मग २०. मागच्या महिन्यांचा फरक दोन हप्त्यांत. प्रॉडक्शन ७ टक्के वाढणार. भावाने स्टेशनचा हिशोब करून सांगितला, चार सेकंद जातील. पण रिलीव्हर सहाऐवजी चार स्टेशनांना एक, हे त्यांनी लिहून घेतलंय. @दुसरीपाळी, हे कलम तुमच्या प्रतिसादामुळे आलं. तो त्याने कमिटीच्या ग्रुपवर टाकला होता.

@हार्नेसवाली, तुझाही टाकला होता. त्यावर दोन दिवस भांडणं झाली. काही जण म्हणाले, आधी आपलं पदरात पडू दे. शेवटी ठेक्यावरच्यांसाठी दोन गोष्टी करारात गेल्या : परमनंटसारखाच बोनस, आणि पाच वर्षं झालेल्यांतून दरवर्षी दहा जण परमनंट. तिथे पाच वर्षांच्या वरचे ठेक्यावरचे ८६ आहेत. ट्रेनींसाठी काहीच झालं नाही. हे तुला सांगताना वाईट वाटतंय, पण न सांगणं बरोबर नाही.

मामांना ताळेबंद यांचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि बाबांना फोन केला. काय बोलले ते बाबांनी सांगितलं नाही.

हार्नेसवाली

दहा तर दहा. ताई, त्या दहा जणांत मुली किती घेणार, तेवढं विचारून सांगाल का?

इंद्रायणीकाठ

विचारते. उद्या भावाची पहिली पाळी आहे, सुटल्यावर कमिटीत जाऊन विचारायला सांगितलंय.